वर्ग सुटल्यावर काय? स्पॅनिश शिकायला नऊ महिने सालामांकात

दुधनाकाठची
नमस्कार मंडळी. मी सेलूची, सध्या पुण्यात. नोकरी सांभाळत स्पॅनिशचं ए२ (सहा पायऱ्यांतली दुसरी) पूर्ण केलंय. सप्टेंबर ते जून स्पेनमधल्या सालामांकाला भाषेचा कोर्स घेतलाय, आठवड्याला २० तास. पोलिसांचा दाखला, अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का), अधिकृत भाषांतर, विमा, बँकेत दाखवायचे पैसे ही कामं मार्गी लागलीत, त्यामुळे व्हिसाबद्दल विचारत नाहीये. ती माहिती ढिगाने मिळते.

मिळत नाही ती रोजची. वर्ग एक-दीडला सुटणार. त्यानंतर माणूस करतो काय? राहायला यजमान कुटुंब बघू की चार जणांत फ्लॅट? अंडं खाते, मांस-मासे नाही, तर जेवणाचं कसं? आणि सगळ्यात मोठा प्रश्न माझ्या वडिलांचा आहे, तो त्यांच्याच शब्दांत देते: "भाषा शिकायची तर बोलायला माणूस लागतो. तुला तिथं कोण बोलणार हाय?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणी तिकडे राहिलं असेल तर सांगा.

मांजरातीर
आधी हे सांगा, स्पॅनिशला लातूर पॅटर्न चालतो का?

गोदातीर
हाहा. मांजरातीर, चालत नाही. का ते नंतर सांगतो.

ताई, अभिनंदन. मी नांदेडचा. हैदराबादच्या इफ्लूत (इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ) स्पॅनिश शिकलो आणि मग ग्रानादाला होतो. सालामांका वेगळं शहर, पण घड्याळ सगळ्या स्पेनचं सारखंच. दुपारचं जेवण दोन ते साडेतीन, रात्रीचं नऊ-दहा. मधे छोटी दुकानं बंद, ती पाच-साडेपाचला उघडणार. रविवारी सुपरमार्केटसुद्धा बहुतेक बंद, तेव्हा शनिवारीच सामान भरायचं. लोक दुपारी झोपतात ही आपल्याकडची समजूत. नोकरदार माणूस क्वचित झोपतो, पण जेवायला नीट बसतो आणि जेवून झाल्यावरही तासभर टेबल सोडत नाही.

तू नेमका प्रश्न विचारलास म्हणून सांगतो. आपल्या पोरांचं जे काही बिघडतं ते दुपारी बिघडतं. हिवाळ्यात तिकडचे साडेतीन म्हणजे आपल्याकडे रात्रीचे आठ. सेलूत सगळं घर मोकळं आणि तूही मोकळी. व्हिडिओ कॉल लागतो, तास-दीड तास जातो, मन हळवं होतं, खिडकीची शटरं खाली ओढून माणूस आडवा होतो तो सहाला उठतो. वर्गात चार तास स्पॅनिश आणि बाकी वीस तास मराठी, असे नऊ महिने काढून परत आलेले लोक मी पाहिलेत. सर्टिफिकेट असतं. तिकीट खिडकीवर बोलता येत नाही.

येसरआमटी
गोदातीर, हे जरा जास्तच झालं. घरी फोन करू नका हा सल्ला देणारे सगळे पुरुष कसे असतात हो?

मी माद्रिदला होते. नोव्हेंबर-डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधार पडतो आणि सकाळी आठपर्यंत उजाडत नाही. त्या काळात आईचा फोन नसता तर मी कोर्स अर्धा टाकून आले असते. लावापिएस भागात बांगलादेशी दुकानं आहेत, तिथं कोथिंबीर, हिरवी मिरची, तूरडाळ सगळं मिळायचं. दुकानातल्या काकांशी मोडक्या हिंदीत पाच मिनिटं बोललं तरी आठवडा निघायचा. "भारतीयांपासून लांब राहा म्हणजे भाषा येईल" हा जो मंत्र चालतो ना, तो मला पटत नाही. माणूस आधी उभा राहिला पाहिजे, मग भाषा.

गोदातीर
येसरआमटी ताई, फोन करू नको असं मी कुठं म्हणालो? वेळ बदल म्हणतोय. हिवाळ्यात तिकडचे सकाळचे आठ म्हणजे इकडचे साडेबारा. वर्गाला जायच्या आधी पंधरा मिनिटं बोलायचं आणि निघायचं. बोलणं तेवढंच होतं, फक्त दुपार वाचते.

येसरआमटी
हां, हे मात्र चालेल. आधी असंच सांगायचं ना.

शेंगाचटणी
राहण्याबद्दल. मी धाराशिवची, वायादोलिदला एका यजमान बाईंकडे होते. साठीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. करारात तीन वेळचं जेवण आणि आठवड्यातून एकदा कपडे धुऊन मिळायचे. दुपारी जेवताना टीव्हीवर बातम्या लागायच्या आणि त्या बातम्यांना बाई शिव्या द्यायच्या. कोण मंत्री, काय केलं, का वाईट, सगळं मला समजावून सांगायच्या. माझं ऐकणं सुधारलं ते त्या शिव्यांमुळे. रात्री जेवताना आज वर्गात काय झालं ते सांगावंच लागायचं, सुटका नव्हती.

तोटे पण ऐक. स्वयंपाकघर त्यांचं. रात्री अकराला पोहे करावेसे वाटले तर विसर. अंघोळ लांबली की दारावर टकटक. आणि शाकाहार! "मांस नाही" एवढंच सांगितलंस तर मसुराच्या आमटीत चोरिसोचे (डुकराच्या मांसाच्या सॉसेजचे) काप येतील आणि सॅलडमध्ये ट्यूना. हामोन (डुकराची सुकवलेली मांडी) आणि ट्यूना त्यांच्या हिशेबात मांसात येत नाहीत. म्हणून मांस नाही, हामोन नाही, चोरिसो नाही, मासे नाहीत, ट्यूना पण नाही, असं सगळं सुटं सुटं सांगायचं. अंडं खातेस हे उत्तम. बटाट्याची तोर्तिया (अंड्याचं जाड ऑम्लेट) तुला उपाशी राहू देणार नाही.

खामकाठ
शेंगाचटणी, तुमचं नशीब चांगलं. सगळी यजमान घरं अशी नसतात. मी गेलो त्या घरात आम्ही चार विद्यार्थी होतो. दोन अमेरिकन, एक जर्मन, एक मी. जेवणाच्या टेबलावर इंग्रजी. घरमालकीण ताटं ठेवून आत जायची. ते घर नव्हतंच, खाणावळ होती. म्हणून पैसे भरण्याआधी विचारायचं: एका वेळी किती विद्यार्थी ठेवता, आणि घरची माणसं आमच्यासोबत जेवतात का?

मी महिन्याभरात तिथून निघालो आणि फ्लॅटमध्ये खोली घेतली. सालामांका विद्यार्थ्यांचंच गाव आहे, खोल्या मिळतात, ३०० युरोच्या आसपास धरून चाल. एक महिन्याचं भाडं अनामत. बघताना तीन गोष्टी बघ. हीटिंग भाड्यात आहे का, कारण सालामांका समुद्रसपाटीपासून ८०० मीटर उंच आहे आणि जानेवारीत रात्री पारा शून्याखाली जातो. खिडकी उघडते कुठं, बाहेर की आतल्या चौकात. आणि खोली देणारा महापालिकेत तुझ्या पत्त्याची नोंदणी करू देतो का. ही नोंदणी ओळखपत्राच्या वेळी लागते आणि ओळखपत्राचा अर्ज पोचल्यापासून महिन्याच्या आत करायचा असतो. बोटांच्या ठशांची अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, तेव्हा उतरल्या उतरल्या मागे लाग. पत्ता लावायला नाही म्हणणाऱ्याची खोली कितीही स्वस्त असो, घेऊ नकोस.

हो, आणि जुन्या फ्लॅटमध्ये गॅस पाइपचा नसतो, नारंगी सिलिंडर असतो. तो संपला की थंड पाण्याने अंघोळ. आपल्याला काय नवीन नाही म्हणा.

दुधनाकाठची
खामकाठ दादा, हे सोनं आहे. फ्लॅटमध्ये स्पॅनिश मुलं मिळतात की सगळे परदेशीच?

खामकाठ
दोन्ही मिळतात. इरास्मसवाल्यांच्या (युरोपातल्या इतर देशांतून काही महिन्यांसाठी आलेल्या विद्यार्थ्यांच्या) फ्लॅटमध्ये पार्ट्या भरपूर, स्पॅनिश कमी. त्यातल्या त्यात इटालियन लोक बरे, ते इंग्रजी टाळतात आणि तीन महिन्यांत स्पॅनिश फाडफाड बोलायला लागतात, ते बघून आपल्याला लाज वाटते. जवळच्या खेड्यांतून शिकायला आलेली स्पॅनिश मुलं असलेला फ्लॅट मिळाला तर तो घे. त्यांना इंग्रजी बोलायचा उत्साह नसतो.

नांदेडी_तडका
माझ्या मावसभावाला वर्गात सगळे त्याच्या वडिलांच्या नावानं हाक मारायचे. पासपोर्टावर पहिलं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र, वर आडनाव. तिकडं प्रत्येकाला दोन आडनावं, त्यामुळं फॉर्म भरणाऱ्यानं वडिलांचं नाव पहिलं आडनाव म्हणून टाकलं. मास्तरांना मधलंच नाव सोपं वाटलं. घरी कळलं तेव्हा वडील लैच खूश. मी आहे ना तिकडं म्हणाले!

मांजरातीर
हे भारी आहे. शून्य खर्चात युरोप.

औंढ्याचा_भोळा
मी खुद्द सालामांकात होतो, म्हणून चार गोष्टी.

भेटायचं ठरलं की सगळं गाव एकच ठिकाण सांगतं, प्लासा मायोरमधल्या घड्याळाखाली. चौक १८व्या शतकातला आहे, विद्यापीठ १२१८ चं. पहिला आठवडा मान वर करून फिरशील, मग सवय होते. विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवरच्या कोरीवकामात कवटीवर बसलेला बेडूक आहे, तो शोधून सापडला तर परीक्षा पास होते म्हणतात. शोध, पण भरवसा ठेवू नको.

दुपारचं उत्तर: कासा दे लास कोंचास. भिंतीवर दगडी शिंपले असलेला जुना वाडा आहे आणि आत सार्वजनिक वाचनालय आहे. हीटिंग आहे, वर्तमानपत्रं आहेत, पैसे लागत नाहीत. मी जेवून तिथं जायचो. पेपर वाचायला येणारे निवृत्त आजोबा असतात. रोज तोच चेहरा दिसला की आठ-दहा दिवसांत ते स्वतःहून विचारतात, कुठला रे तू?

इंटरकाम्बियोबद्दल सगळे सांगतील. अर्धा तास तुझं इंग्रजी, अर्धा तास त्यांचं स्पॅनिश. प्रत्यक्षात समोरच्याचं इंग्रजी बरं असेल तर पूर्ण तास इंग्रजीत जातो. मला त्याचा फार उपयोग झाला नाही. झाला तो डोंगरात चालायला जाणाऱ्या एका मंडळाचा. रविवारी बस करून सिएरा दे फ्रान्सियाकडं, ला आल्बेर्काच्या बाजूला जायचे. सगळे पन्नाशी-साठीचे. इंग्रजी एकालाही धड येत नव्हतं आणि सहा तास चालायचं म्हणजे बोलण्यावाचून इलाज नाही. चुकलं तर हसायचे, सुधारायचे, मग डब्यातलं काढून द्यायचे. ताईच्या वडिलांना सांगा, बोलणारे आहेत. ज्यांना इंग्रजी येत नाही ते सगळे आपले.

शेंगाचटणी
औंढ्याचा_भोळा +१. माझ्या वर्गातली एक मुलगी चर्चच्या गायनमंडळात गेली होती, तिचंही हेच झालं.

आणखी एक. औषधाच्या दुकानात, मंडईत, दवाखान्यात शिरलं की आधी मोठ्यानं विचारायचं, शेवटचं कोण? कुणीतरी हात वर करतं. मग तुझा नंबर त्या माणसाच्या मागे, तू कुठंही बस. एसटीत खिडकीतून रुमाल टाकल्यासारखंच, फक्त तोंडाने. मी भाषेचा सराव म्हणून मुद्दाम मंडईत जायचे. सुपरमार्केटात एक शब्द न बोलता सामान घेता येतं, तो तोटाच आहे.

निवृत्त_गुरुजी
सर्वांचे प्रतिसाद वाचले. मी स्पष्ट बोलतो, राग नसावा. भाषा शिकण्यासाठी इतका खर्च करून परदेशी जाण्याची गरज मला दिसत नाही. व्हिसासाठीच दरमहा ६०० युरोच्या हिशेबाने रक्कम दाखवावी लागते असे ऐकतो. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, हैदराबादेत इफ्लू आहे, दिल्लीत स्पेन सरकारची भाषासंस्था इन्स्तितुतो सेर्व्हांतेस आहे. आता फोनसुद्धा भाषांतर करतो. मुलीने हे पैसे दुसरीकडे लावावेत.

गोदातीर
गुरुजी, अर्धं बरोबर आहे तुमचं. काहीच न येता थेट जाणं म्हणजे पैशाची नासाडी, हे मीही म्हणतो. अक्षरं आणि क्रियापदांची रूपं युरो मोजून शिकण्यात अर्थ नाही, ते इथं होतं. पण ताईचं ए२ झालंय. तिथून पुढं बी२ पर्यंतचा, म्हणजे चौथ्या पायरीपर्यंतचा पल्ला माणसांत राहूनच होतो, कारण पुढचं सगळं कानाचं काम आहे. तिकडं लोक पुस्तकासारखं बोलत नाहीत. आंदालुसियात, म्हणजे ग्रानादाच्या बाजूला, तर शब्दाच्या शेवटचा स गिळतात. मला पहिले पंधरा दिवस वाटलं आपण दुसरीच भाषा शिकलोय.

आणि मराठी माणसाला ही भाषा इंग्रजीवाल्यांपेक्षा सोपी जाते, हे तुम्हाला आवडेल. अमेरिकन मुलं "मी आवडतो संगीत" अशा वळणानं अडायची. स्पॅनिशमध्ये रचना "मला संगीत आवडतं" अशीच आहे. मला आवडतं, मला दुखतं, मला वाटतं. कर्त्याला चतुर्थी आणि क्रियापद वस्तूप्रमाणं. संगीत एक असेल तर एकवचन, गाणी अनेक असतील तर अनेकवचन. आपण ते न शिकता बोलतो. त द सुद्धा आपल्यासारखेच दंत्य. टेबल स्त्रीलिंगी का, हा प्रश्न आपल्याला पडत नाही, कारण खुर्ची स्त्रीलिंगी का हेही आपण कधी विचारलं नाही.

निवृत्त_गुरुजी
हे मला ठाऊक नव्हते. चतुर्थीचा कर्ता! मी पस्तीस वर्षे हेच शिकवले. मग अडते कुठे?

गोदातीर
दोन "असणे" आहेत, कुठलं कधी वापरायचं यात अडतं. आणि सबहुंतिवो. इच्छा, शंका, भीती सांगताना पुढच्या क्रियापदाचं रूपच बदलतं. "तू यावंस असं मला वाटतं" यातलं "यावंस" धरून चाला, म्हणजे अगदी परकं वाटत नाही. पण आपल्याकडे ते एवढ्या ठिकाणी येत नाही.

निवृत्त_गुरुजी
विध्यर्थ. समजले. मुलीने जावे.

नांदेडी_तडका
गुरुजींनी पलटी मारली ओ!

बालाघाटी
सगळे स्पेनच सांगायलेत. मेक्सिकोचं कुणीच बोलत नाही, म्हणून मी बोलतो. मी बीडचा, वाहाकात होतो. वर्गात तीन-चारच विद्यार्थी, राहणं एका कुटुंबात. तव्याला तिकडं कोमाल म्हणतात, त्यावर मक्याची तोर्तिया थापून भाजतात. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, म्हणून पीठ चिवट होतं. यजमानांच्या आईला मी ज्वारीच्या भाकरीचा व्हिडिओ दाखवला तर म्हातारी हातानं थापण्याची चाल बघून टाळ्या वाजवायला लागली. काळ्या घेवड्याची उसळ रोज, तिखट जाळ. मला पहिल्या दिवसापासून घरी असल्यासारखं. आणि लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत! हामाइका म्हणतात, प्रत्येक खाणावळीत मोठ्या काचेच्या बरणीत भरून ठेवलेलं. आपल्याकडं अंबाडीची भाजी खातात, बोंडाकडं कुणी बघत नाही.

फक्त लक्षात ठेव, स्पेनमध्ये मित्रांच्या घोळक्याशी बोलताना क्रियापदाचं जे रूप लागतं ते मेक्सिकोत कुणी वापरत नाही. मी स्पेनच्या पुस्तकावरून शिकून गेलो होतो, पोरं हसायची, राजाच्या दरबारातून आलास का म्हणून.

दुधनाकाठची
बालाघाटी दादा, आता फी भरली आहे, मोह पाडू नका.

बालाघाटी
ठीक. मग एक स्पेनचंच सांगतो. ग्रानादाच्या खाली समुद्राकडं आल्मुन्येकार-मोत्रिल भागात चिरिमोयाच्या बागा आहेत. आपल्या सीताफळाचीच भावकी. हिवाळ्यात बाजारात येतं. साल गुळगुळीत, गर तसाच. बीडच्या सीताफळाला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, ती चव चिरिमोयाला नाही. तरी खा.

तेरणा
जेवणाचं मी सांगते, कारण इतर सगळे गप्पा मारायलेत. काबुली चणे शिजवून काचेच्या बरणीत मिळतात, छोले दहा मिनिटांत. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ मिळतं, कादिसकडं त्यात कोळंबी घालून पातळ तोर्तिया करतात. म्हणजे तुझ्या पिठल्याची सोय झाली. गूळ हवा तर लॅटिन अमेरिकन दुकानात पानेला नावाने ढेप मिळते. कोथिंबीरही तिथंच, साध्या मंडईत पार्स्ली गळ्यात मारतील. ज्वारीचं पीठ आरोग्यवाल्या दुकानात दिसतं, पण भाव बघून परत ठेवशील. भाकरी तशीही नॉनस्टिकवर होत नाही. काळं तिखट मात्र घरून ने. तिकडं तिखट म्हणून जे देतात ते तिखट नसतं.

मांजरातीर
आता माझा एक किस्सा, विषयाला थोडा सोडून. २०२४ च्या फेब्रुवारीत मी बार्सिलोनात होतो. दुष्काळाची आणीबाणी जाहीर झाली. पेपरभर तेच. खोलीतली पोरं काळजीत, आता माणशी दिवसाला २०० लिटरची मर्यादा. मी विचारलं, दोनशे? परत विचारलं. मग त्यांना २०१६ सांगितलं. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं होतं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमच्या गल्लीत टँकर आला की शाळा बुडवून घागरी धरायचो. आगगाडीने पाणी हे कुणाला खरंच वाटेना, फोटो काढून दाखवले. त्या रात्री मी सलग तासभर स्पॅनिश बोललो, तोवर कधी पाच वाक्यांच्या पुढं गेलो नव्हतो. सगळे ऐकायलेत म्हटल्यावर भूतकाळाची रूपं आपोआप यायला लागली.

बाकी भाषा शिकायला बार्सिलोना निवडू नका. गाव झकास आहे, पण पाट्या, शाळा, शेजारी, अर्धा कारभार कातालानमध्ये, म्हणजे तिथल्या वेगळ्या भाषेत. डोक्यात खिचडी होते.

औंढ्याचा_भोळा
मांजरातीर, हे विषय सोडून कुठं आहे? हेच तर उत्तर आहे. आपल्याकडं सांगायला काही असेल तर माणसं ऐकतात. "तुझा छंद काय" यावर किती दिवस बोलणार?

सेलूकर_बाप
नमस्कार. मी दुधनाकाठचीचा बाप. लेकरानं धागा दाखवला, सगळा वाचला. चार-पाच गोष्टी विचारतो, सरळ उत्तरं द्या.

एक, रात्री दहाला जेवतात म्हणता, मग पोरगी घरी येणार कधी? दोन, काही झालं तर फोन कुणाला? तीन, नऊ महिन्यांनी हातात काय पडणार? चार, भूमचा खवा सोबत देता येतो का? गोदातीर भाऊंचं दुपारच्या फोनचं पटलं, पण ते नंतर बोलू.

दुधनाकाठची
बाबा!! तुम्ही अकाउंट कधी काढलं?

सेलूकर_बाप
आत्ताच. दुकानातल्या पोरानं काढून दिलं.

शेंगाचटणी
काका, नमस्कार. पहिल्या दोनांचं मी सांगते, मुलगी म्हणून राहिलेय. रात्री बारालाही रस्त्यावर आजी-आजोबा, लहान मुलं असतात, विशेषतः मे-जूनमध्ये. सालामांकासारख्या गावात सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मी एकटी घरी यायचे, भीती वाटली नाही. पाकीटमार मात्र माद्रिद-बार्सिलोनात सांभाळायचे. मदतीला ११२ हा एकच नंबर, पोलीस, दवाखाना, आग सगळ्याला. बाईमाणसावरच्या अत्याचारासाठी ०१६ वेगळा आहे, तो बिलावर दिसत नाही. दोन्ही तिच्या फोनमध्ये टाकून ठेवा. आणि ओळख झाली की दोन्ही गालांना गाल लावून भेटतात, समोर मुलगा असला तरी. तसा फोटो आला तर दचकू नका, तो आपला नमस्कारच समजा.

सेलूकर_बाप
बरं झालं आधी सांगितलं. तिच्या आजीला मी सांगतो.

गोदातीर
काका, तिसऱ्याचं मी. देले नावाची परीक्षा असते, सेर्व्हांतेसची. ते प्रमाणपत्र कायमचं, त्याची मुदत संपत नाही. सिएले नावाची दुसरी आहे, ती संगणकावर आणि निकाल लवकर, पण पाच वर्षांपुरती. ताईनं देले बी२ चं लक्ष्य ठेवावं. पुण्या-हैदराबादेत कंपन्या भाषेच्या कामाला बहुतेक बी२ विचारतात. नोकरीची हमी कुणी देणार नाही, मीही देत नाही.

आणि मांजरातीर, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता. बी२ ला चार भाग असतात आणि दोन-दोनाची जोडी. वाचन-लेखनाची ५० गुणांची एक, ऐकणं-बोलण्याची ५० ची दुसरी. दोन्हींत स्वतंत्रपणे ३० पाहिजेत. वाचन-लेखन घोटून पन्नासपैकी पन्नास आणले आणि ऐकण्या-बोलण्यात २९ पडले तर नापास. म्हणून पाठांतराचा पॅटर्न चालत नाही.

मांजरातीर
म्हणजे दुपारी वाचनालयात आजोबांजवळ बसायची शिकवणी लावावी लागणार. फी किती?

तेरणा
काका, खव्याचं मी सांगते. नाही. युरोपात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. खवा, पेढे, तूप काहीच नको, विमानतळावर काढून टाकतात आणि दंडही होऊ शकतो. आंबाही तसा चालत नाही, ताज्या फळांना वनस्पती तपासणीचा दाखला लागतो. येसर, काळं तिखट, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट चालतं. सीलबंद करा, वर नाव लिहा.

सेलूकर_बाप
तूप पण न्हाई? मग पुरणपोळी कशासोबत खायची?

तेरणा
काका, तिकडं पुरणपोळी करणार कोण?

दुधनाकाठची
सगळ्यांचे खूप आभार. ठरवलंय ते सांगते. पहिले दोन महिने यजमान कुटुंबात, पण एकच विद्यार्थी ठेवणारं घर, हे लिहून विचारणार. तेवढ्यात तिथं राहून फ्लॅट बघेन, पत्त्याच्या नोंदणीसकट. खेड्यातली मुलं असलेला मिळाला तर उत्तम. चालायच्या मंडळाचं औंढ्याचा_भोळा दादांना व्यक्तिगत निरोपात विचारते. फोन सकाळी. गोदातीर दादा, एखाद्या रविवारी दुपारी केला तर ओरडू नका.

येसरआमटी
रविवारी कर गं. रविवारी तिकडं सगळं बंदच असतं.

सेलूकर_बाप
सकाळचा फोन म्हणजे आमचे साडेबारा. त्या वेळेला दुकानात गिऱ्हाईक असतं, खताच्या दिवसांत तर मान वर करता येत नाही. एकला कर.

खामकाठ
काका, सप्टेंबरात तिकडं उन्हाळी वेळ असते, फरक साडेतीन तासांचा. तुमचा एक म्हणजे तिचे साडेनऊ, वर्ग चालू असणार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागं घेतात, त्यानंतर एक चालेल. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा बदलेल.

सेलूकर_बाप
मग तवर बारा. गल्ल्यावर पोराला बसवतो.